फिल्म केली म्हणजे संशोधन झालं का?

गेल्या अंकात या सदरात पीएच.डी.चा ओझरता उल्लेख काय झाला, पत्रांचा ढीग आला. बहुतेक पत्रं कॅमेरा, माइक किंवा कुंचला हाताळणाऱ्यांची. मागणी एकच: आम्ही जे करतो, त्यातूनच पदवी मिळेल का? नाशिकच्या एका महाविद्यालयात माध्यमं शिकवण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. हाच प्रश्न घेऊन दर वर्षी कुणी ना कुणी स्टाफरूमच्या दारात उभं असायचं. म्हणून या वेळी सगळी जागा याच पत्रांना.

मॅडम, मी सातपूरला राहतो. मास कम्युनिकेशनमध्ये एम.ए. केलं (५८ टक्के). सध्या लग्नाचे व्हिडिओ आणि अंबडच्या कारखान्यांच्या फिल्म करतो. शेती निफाड तालुक्यात आहे. लासलगावच्या कांदा लिलावावर स्वतःच्या पैशाने वीस मिनिटांचा माहितीपट केला. आता त्यावर पीएच.डी. करायची आहे. परदेशात फिल्म हाच प्रबंध धरतात असं ऐकलं. इथे राहून तसं जमेल का? आमच्या चुलत्यांसारखे शेतकरी आता लिलाव चालू असताना आपल्याच ट्रॉलीचा भाव मोबाइलवर शूट करून ग्रुपवर टाकतात, तेही माझ्या फिल्ममध्ये आलंय. घरचे म्हणतात, आधी नेट काढ.

घरच्यांचं बरोबर आहे, पण नेटकडे, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेकडे, शेवटी येऊ. मला खटकलं ते 'आता त्यावर पीएच.डी. करायची आहे' हे वाक्य. माहितीपट तयार आहे, आता त्याला पदवीचा शिक्का हवा. असं इंग्लंडातही होत नाही.

तिकडे जिला प्रॅक्टिस-बेस्ड पीएच.डी. म्हणतात, तिच्यात कलाकृती आणि लेखन मिळून प्रबंध होतो. ब्रिटनमध्ये नेहमीचा प्रबंध ऐंशी हजार ते एक लाख शब्दांचा. फिल्म, ध्वनिकृती किंवा चित्रमालिका जोडली की लेखन बऱ्याच ठिकाणी निम्म्यावर येतं. नेमका आकडा विद्यापीठागणिक बदलतो. पण लेखन सुटत नाही. आणि ते लेखन म्हणजे 'मी फिल्म कशी केली' याची गोष्ट नव्हे. फिल्म करताना असं काय कळलं जे एरवी कळलं नसतं, आणि ते आधीच्या अभ्यासकांना का सांगता आलं नव्हतं, एवढं त्यात सिद्ध करावं लागतं.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधले ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये एक छोटा निबंध लिहिला. त्यात त्यांनी कला आणि संशोधन यांच्या नात्याचे तीन प्रकार मांडले. ते निबंधातच राहू देण्यापेक्षा बाजार समितीच्या आवारात नेऊन बघू. पहिला प्रकार: कृतीविषयी संशोधन. लिलावाचे शंभर व्हिडिओ गोळा करून त्यांत कोण बोलतं, कोण दिसतं, भाव कसा सांगितला जातो, याचं विश्लेषण करायचं. कॅमेऱ्याला हात लावायची गरज नाही. दुसरा: कृतीसाठी संशोधन. फिल्म चांगली व्हावी म्हणून हमाल, व्यापारी, समितीचे कर्मचारी यांना भेटायचं, जुने दर काढायचे, उन्हाळ कांदा आणि लाल कांदा यांचं गणित समजून घ्यायचं. प्रत्येक प्रामाणिक माहितीपटकार हे करतो, तुम्हीही केलंय. तिसरा: कृतीतून संशोधन. इथे चित्रण हीच तपासण्याची रीत असते. तुमची फिल्म आज दुसऱ्या खान्यात आहे आणि तुम्हाला पदवी तिसऱ्या खान्यातली हवी आहे.

तिकडे जायची वाट तुमच्याच पत्रात, चुलत्यांच्या मोबाइलमध्ये आहे. तुम्ही ते सहज लिहून गेलात, मला मात्र अख्ख्या पत्रात तेवढंच संशोधनाचं वाटलं. चाळीस सेकंदांचा तो व्हिडिओ ते कुणासाठी करतात? घरच्यांना भाव कळावा म्हणून, की चाळीत कांदा ठेवून बसलेल्या शेजाऱ्यासाठी? की उद्या 'पावतीवर वेगळा आकडा होता' असं कुणी म्हणालं तर पुरावा असावा म्हणून? स्टुअर्ट हॉल या माध्यम अभ्यासकाने १९७३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये मांडलं की संदेश घडवणारा त्यात एक अर्थ भरतो आणि घेणारा आपल्या जागेवरून दुसराच काढू शकतो. त्याच्यासमोर टीव्ही होता. तुमच्याकडे व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, आणि तिथे घडवणारा आणि घेणारा एकच माणूस आहे, सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. हॉलची मांडणी इथे लागू पडते की तुटते? तुटत असेल तर फारच छान. तुमचा प्रबंध तिथे सुरू होतो.

आता कॅमेरा. ट्रॉलीवर, कांद्यात पाय रोवून शूट केलं की व्यापाऱ्यांची डोकी खाली दिसतात. व्यापाऱ्यांच्या घोळक्यातून शूट केलं की शेतकरी उंचावर दिसतो, पण बोली त्याच्या अंगावरून निघून जाते. ही दोन्ही चित्रणं चुलत्यांना आणि एखाद्या व्यापाऱ्याला दाखवा. त्यांचा स्वतःचा मोबाइल व्हिडिओही दाखवा. ते काय बोलतात तेही चित्रित करा. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ आणि चित्रपटकार जाँ रूश यांनी १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ यांच्या जोडीने हेच केलं होतं. ज्यांना चित्रित केलं त्यांनाच चित्रण दाखवलं, आणि त्यांचं भांडण फिल्मचा भाग झालं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं आणि जिल्ह्यात लिलाव बंद पडले. त्या आठवड्यात ग्रुपवर काय फिरलं, हे चुलत्यांच्या फोनमध्ये अजून असेल तर फोन बदलण्याआधी उतरवून घ्या. त्यांना विचारून.

एक नाशिकचं उदाहरण देते. नाशिककर असून ते दिलं नाही तर लोक रागावतात. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला आणि पहिलं काय केलं, तर कुंडीतल्या वाटाण्याची वाढ टिपली. महिनाभराहून जास्त दिवस एकेक चौकट घेत. ते चित्रण बघून पैसे लावणारा तयार झाला. पुढे १९१७ च्या सुमारास त्यांनी चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारी फिल्म केली आणि 'नवयुग' मासिकात लेखही लिहिले. स्वतः करायचं, करताना तपासायचं आणि मग दुसऱ्याला उपयोग होईल असं लिहायचं, हे तिन्ही एका माणसाने केलं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. तिथे आम्ही विद्यार्थ्यांची सहल न्यायचो तेव्हा मुलं कारंज्याचे फोटो काढायची आणि मी वाटाण्याबद्दल बोलायचे. मग भेळ.

आता आपल्याकडची व्यवस्था. विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसीचे) पीएच.डी.चे नियम २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बदलले. पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात (राखीव गटांना ५ टक्के सूट), म्हणजे तुमचे ५८ चालतील. कोर्सवर्क १२ ते १६ श्रेयांकांचं (क्रेडिटचं). दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही जुनी अट आता यूजीसीच्या नियमात नाही. विद्यापीठं मात्र स्वतःच्या अटी घालू शकतात. फिल्म प्रबंधाचा भाग धरायची की नाही, हेही विद्यापीठाच्या अध्यादेशावर आणि खरं सांगायचं तर विभागाच्या मनावर आहे. बहुतेक ठिकाणी प्रबंध म्हणजे बांधलेला ग्रंथ. फिल्म द्या, पण परिशिष्टात, सीडी किंवा पेनड्राइव्हवर. माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या तोंडी परीक्षेत उघड झालं की एका परीक्षकांनी पेनड्राइव्ह उघडलाच नव्हता. कोणतं विद्यापीठ ते विचारू नका. म्हणून नोंदणीआधीच लेखी विचारा: फिल्मचं मूल्यमापन होणार का, कोण करणार, आणि तोंडी परीक्षेआधी ती पडद्यावर दाखवली जाणार का? उत्तर गोलमोल आलं तर आलंच.

जिथे सिद्धान्त आणि कॅमेरा एका छपराखाली आहेत, तिथे आधी बघा. दिल्लीत जामिया मिलिया इस्लामियाचं ए.जे.के. मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर १९८२ पासून आहे. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या (टिस) माध्यम आणि सांस्कृतिक अभ्यास विभागात एम.ए.ची मुलंसुद्धा माहितीपट करतात. आयआयटी मुंबईचं आयडीसी डिझाइनच्या अंगाने जातं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि विद्यापीठाचा माध्यम विभाग. आपल्याला पंचवटी एक्सप्रेसने मुंबई जवळ आहे आणि पुणे अजूनही एसटीने लांब, तेव्हा महिन्यातून किती वेळा जाणं झेपेल याचा हिशेब करा. पण संस्थेचं नाव बघून अर्ज करू नका. तिथल्या प्राध्यापकांपैकी फिल्म करणारं किंवा फिल्म करणाऱ्यांना मार्गदर्शन केलेलं कोण आहे, ते शोधा. नियमाने प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा आणि सहायकाला चार विद्यार्थी घेता येतात. जागा मोजक्याच असतात. एक पानी टिपण घेऊन जा, फिल्मची लिंक नंतर द्या. लिंक आधी दिली की बोलणं फिल्मवरच होतं आणि प्रश्न राहून जातो.

आणि नेट. जून २०२४ पासून नेटमध्येच फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरण्याचा एक गट झाला आहे. त्यातून प्रवेश घेतला तर ७० टक्के भार गुणांचा, ३० टक्के मुलाखतीचा, आणि ते गुण एक वर्षच चालतात. काही विद्यापीठं पेट ही स्वतःची प्रवेश परीक्षाही घेतात, त्या वर्षीची सूचना वाचा. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन अधिछात्रवृत्ती, निघाली तर महिन्याला ३७ हजार मिळतात, म्हणजे लग्नाच्या सीझनवर अवलंबून राहायला नको. ती नाही निघाली तरी बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या वेगवेगळ्या समाजगटांसाठीच्या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. तुमचा प्रवर्ग पत्रात नाही, म्हणून चारही नावं दिली. तर घरच्यांचं ऐका. नेटच्या अभ्यासात संवादाचे सिद्धान्त वाचावे लागतील, त्यात हॉलही येईल.

तोवर आणखी एक काम सुरू करा, फुकटचं आहे. प्रत्येक एडिट तारीख घालून जपा, टाकून दिलेलाही. तो शॉट का काढला हे दोन ओळींत लिहा. तीन वर्षांनी लेखन करताना ही वही तुमचा मुख्य कागद असेल.

मॅडम, मी नाशिकरोडच्या एका महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. गोदाघाटावर धुणं धुणाऱ्या, दुकान मांडणाऱ्या बायकांच्या आठवणींची पॉडकास्ट मालिका करते. पदोन्नती पीएच.डी.वाचून अडली आहे. मुलगी पाच वर्षांची आहे. पॉडकास्टच प्रबंध म्हणून करावा का? अर्धवेळ जमेल का?

अर्धवेळ जमतं, महाविद्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं. किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणीने दोन वर्षं वाढतात आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन, म्हणजे फार तर दहा. मूल सांभाळण्यासाठी २४० दिवसांपर्यंतची रजाही नियमात आहे. बायका ती मागायला लाजतात. मागा. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी.ची जाहिरात दिसली तर मात्र पान उलटा, नियमात ती बसत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कदाचित आवडणार नाही. पदोन्नती हे पहिलं कारण असेल, तर सरळ लिखित प्रबंध करा. विषय ध्वनीचाच घ्या: घाटावरच्या बायका रेकॉर्डर बंद झाल्यावर जास्त का बोलतात, एवढ्या एका प्रश्नावर तीन प्रकरणं होतील. पॉडकास्ट बाहेर, मोकळा ठेवा. कृतिआधारित प्रबंधात परीक्षकांना पद्धत समजावण्यातच वर्ष जातं आणि ते वर्ष तुमच्याकडे नाही. शिवाय रामकुंडावर सकाळी सहाला माइक घेऊन बसायचा आनंद समितीच्या फायलीत घालू नये असं माझं मत. संमती मात्र आतापासून घ्या, वाचता न येणाऱ्या बाईची रेकॉर्डरवर तोंडी.

आमची मुलगी पुण्यात अॅनिमेशन करते. रंगपंचमीच्या रहाडींवर अॅनिमेशन करून त्यातून इंग्लंडमध्ये पीएच.डी. करायची म्हणते. आई म्हणून विचारते: चित्रं काढून मिळणारी ही डॉक्टरेट खरी असते का? आणि परत आल्यावर इथे चालेल का? (इंदिरानगर)

खरी असते. तीच पीएच.डी., तीच तीन-चार वर्षं, तशीच तोंडी परीक्षा. तिथे साधारण एक विद्यापीठातला आणि एक बाहेरचा परीक्षक असतो, आणि दुरुस्त्या सांगून पास करणं ही तिथली रोजची रीत आहे. 'करेक्शन्स आल्या' म्हणून लेकीचा रडका फोन आला तर घाबरू नका. भारतातली समकक्षता पूर्वी भारतीय विद्यापीठांची संघटना (एआययू) ठरवायची. २०२५ मध्ये यूजीसीने परदेशी पदव्यांसाठी स्वतःचे नियम काढले. प्राध्यापकी करायची असेल तर जाण्याआधीच ते वाचून घ्यावेत.

रहाडीचा विषय छान आहे. पेशवेकाळापासूनचे दगडी हौद, वर्षभर रस्त्याखाली बुजवलेले, रंगपंचमीला उघडतात आणि लोक त्यांत धप्पा मारतात. पण 'आमची परंपरा अॅनिमेशनमधून दाखवणार' एवढ्यावर तिथे कुणी घेणार नाही. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस वरून गाड्या जातात ती जागा अॅनिमेशन कशी दाखवेल, जी कॅमेऱ्याला दिसतच नाही? असा काही प्रश्न तिने स्वतः शोधायला हवा. माझा उचलू नये, मुलाखतीत पकडतात.

पैशाचं कठीण आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतल्या मुलांसाठी आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती बघत असाल तर सावध: २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास यांवरचे विषय वगळले होते. रहाड त्यात अडकू शकते. ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीचं परिपत्रक शब्दन् शब्द वाचा. स्वखर्चाने जायचा विचार असेल तर कर्ज काढण्याआधी मला पुन्हा लिहा. माझा सल्ला बहुधा 'नको' असेल.

प्रबंध जमा करायची वेळ आली आहे. सोबत माझी फिल्म आहे. शोधगंगेवर गेली तर महोत्सव ती घेतील का? (देवळाली कॅम्प)

प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राकडे जाते, तिथून शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर. कित्येक महोत्सव आधी जाहीर झालेली फिल्म नाकारतात. तुमच्या पीएच.डी. विभागाकडे आजच अर्ज द्या: लेखन खुलं करा, फिल्म अमुक काळ रोखून ठेवा. शिक्क्याची पोच घ्या. आणि फिल्ममध्ये सिनेमाचं गाणं वापरलं असेल तर महोत्सवाआधी त्याच्या हक्कांची काळजी करा.

मी पंचवटीत राहतो, निवृत्त आहे. १९९१, २००३ आणि २०१५ अशा तीन सिंहस्थांत फोटो काढले, पहिल्यातले निगेटिव्हवर आहेत. २०२७ मध्येही काढीन. मुलगा म्हणतो, आता यावर पीएच.डी. करा. या वयात करावी का?

वयाची अडचण नाही, पीएच.डी.ला वयाची मर्यादा नसते. पण तुम्हाला ती कशासाठी हवी, हे पत्रात कुठेच नाही. मुलाला हवी आहे एवढंच दिसतं. तीन सिंहस्थ एकाच माणसाने, बहुधा एकाच घाटावरून टिपलेत. हे काम कोर्सवर्कच्या वर्गात बसण्यात अडकवू नका, पुढचं पर्व तोंडावर आहे. बंगळूरुच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारख्या संस्था पदवी न मागता संशोधनाला अनुदान देतात. १९९५ पासून देताहेत, आणि अर्ज मराठीत केला तरी चालतो. त्यांना दोन पानं लिहा: बारा-बारा वर्षांनी त्याच जागेवर काय बदललं, पाणी, कठडे, पोलीस, लोकांच्या हातातले फोन. मोबाइलने स्नान टिपणारा माणूस १९९१ मध्ये नव्हता आणि २०१५ मध्ये सगळीकडे होता. तुमच्याजवळ दोन्हींचा पुरावा आहे आणि आमच्यातल्या पुष्कळ डॉक्टरांजवळ तो नाही.

निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या साध्या पिशव्यांत असतील तर काढा, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटांत ठेवा, आणि माळ्यावर नको, पत्र्याखाली तर अजिबात नको. पत्रासोबत पाठवलेला रामकुंडाचा फोटो परत करते आहे. मागे तारीख नाही. आठवत असेल तोवर लिहून टाका, पेनने नको, मऊ पेन्सिलीने, कडेला.